‘क्लॅनाड’ कसे खेळावे, कसे पाहावे आणि कोणत्या क्रमाने

‘क्लॅनाड’ हे नाव ऐकून जो कोणी शोध घेऊ लागतो, त्याच्यासमोर एकाच नावाच्या अनेक गोष्टी येऊन उभ्या राहतात: 2004 सालचा संगणकावरील खेळ, 2007 सालचा चित्रपट, त्याच वर्षी सुरू झालेली अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका, तिचे ‘आफ्टर स्टोरी’ हे दुसरे पर्व, दोन सुटे विशेष भाग, आणि त्याखेरीज मांगा (जपानी चित्रकथा), लघुकथा व एकाच नायिकेला वाहिलेला निराळा खेळ. यांपैकी हाती लागेल ते आधी घ्यावे असे इथे चालत नाही. दिसायला ही जपानमधील एका माध्यमिक शाळेतली प्रेमकथा असली, तरी तिचा खरा भार शाळा सुटल्यानंतरच्या आयुष्यावर आहे, आणि तो भार पेलण्याची तयारी शाळेतल्या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रसंगांतून होत असते. क्रम चुकला की शेवट कळतो, पण मनाला लागत नाही. पुढील मजकुरात शाळेनंतर काय घडते ते मुद्दामच सांगितलेले नाही.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. हा खेळ ‘व्हिज्युअल आर्ट्स’ या कंपनीच्या ‘की’ या शाखेने तयार केला आणि 28 एप्रिल 2004 रोजी विंडोज संगणकांसाठी प्रसिद्ध केला. लेखनाची मुख्य धुरा जुन माएदा यांच्याकडे होती, तर पात्रांची चित्रे इतारू हिनोउए यांची आहेत. ‘की’चे आधीचे ‘कॅनन’ (1999) आणि ‘एअर’ (2000) हे खेळ प्रथम प्रौढांसाठीच्या आवृत्तीत आले होते. ‘क्लॅनाड’ मात्र पहिल्या दिवसापासून सर्व वयांसाठी होता, त्यामुळे ‘मूळ’ आवृत्ती कोणती आणि ‘कापलेली’ कोणती, या शोधात वेळ घालवण्याचे कारण नाही. आयरिश भाषेत ‘क्लान’ म्हणजे कुटुंब, आणि खेळाचे नाव त्याच शब्दाकडे बोट दाखवते. नायिकांच्या रांगेकडे पाहून हा खेळ ‘कोणती मुलगी निवडायची’ एवढ्यापुरताच आहे असे ज्याला वाटेल, त्याने हा अर्थ ध्यानात ठेवावा.

खेळायचे ठरले असेल तर पहिला प्रश्न आवृत्तीचा. 2004 सालच्या मूळ आवृत्तीत पात्रांना आवाज नव्हते. ते 2006 साली प्लेस्टेशन 2 वर आलेल्या आवृत्तीत मिळाले, आणि 2008 साली विंडोजसाठीही आवाजासह आवृत्ती निघाली. इंग्रजी वाचकांना मात्र बरीच वाट पाहावी लागली. ‘सेकाई प्रोजेक्ट’ या प्रकाशकाने 2014 च्या अखेरीस किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर 1 लाख 40 हजार डॉलरचे उद्दिष्ट ठेवून निधी मागितला, प्रत्यक्षात 5 लाख डॉलरहून अधिक जमले, आणि नोव्हेंबर 2015 मध्ये अधिकृत इंग्रजी आवृत्ती स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात आली. 2019 सालच्या निन्टेन्डो स्विच आवृत्तीतही इंग्रजी आहे. संगणक असेल तर स्टीमवरची आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात ‘डांगोपीडिया’ नावाचा शब्दकोश अंतर्भूत आहे. जपानी शब्दांचे खेळ, सण, खाद्यपदार्थ, शाळेचे रीतिरिवाज यांचे खुलासे वाचता वाचताच मिळतात, आणि विनोदाच्या प्रसंगांत तर त्यांची पदोपदी गरज भासते.

या प्रकारच्या खेळात हाताला फारसे काम नसते. पडद्यावर पार्श्वभूमी आणि पात्रे दिसतात, खाली मजकूर सरकतो, आणि मधूनमधून दोन-तीन पर्याय समोर येतात. त्या निवडींवरून कथा कोणत्या पात्राकडे वळते ते ठरते. एका पात्राच्या अशा संपूर्ण वाटेला ‘रूट’ म्हणतात. सगळे रूट नीट वाचायचे तर पन्नास तासांहून अधिक वेळ सहज जातो, म्हणून हा खेळ एखाद्या मोठ्या कादंबरीसारखा रोज थोडा थोडा घ्यावा. शनिवार-रविवारी बसून संपवण्याचा बेत करणाऱ्यांना तिसऱ्या रूटपर्यंत मजकूर नुसता उडवत नेण्याची सवय लागते, आणि मग खेळण्यात अर्थ उरत नाही.

पहिले दृश्य मात्र शक्य तितके सावकाश वाचावे. एप्रिल महिना आहे. जपानमध्ये शालेय वर्ष याच महिन्यात सुरू होते आणि साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहरही तेव्हाच असतो. तिसऱ्या वर्षातला तोमोया ओकाझाकी, ज्याची आई लहानपणीच गेली, वडिलांशी बोलणे जवळपास तुटले आणि खांद्याच्या दुखापतीने बास्केटबॉलही सुटला, नेहमीप्रमाणे उशिराने शाळेची चढण चढत असतो. चढणीच्या पायथ्याशी एक मुलगी थबकलेली असते. ती स्वतःशीच पुटपुटते, ‘आनपान.’ आनपान म्हणजे गोड बीन्सचे सारण भरलेला पाव. नागिसा फुरुकावा धीर एकवटायचा असला की आवडत्या पदार्थाचे नाव उच्चारते. आजारपणामुळे तिला ते वर्ष पुन्हा करावे लागले आहे आणि तिच्या ओळखीचे सगळे शाळा सोडून गेले आहेत. आनंदाच्या गोष्टी कायम तशाच राहत नाहीत, तरीही ही जागा आवडत राहील का, असे ती कोणालाच उद्देशून नाही अशा स्वरात विचारते, आणि तोमोया सहज म्हणून जातो की मग नव्या गोष्टी शोधायच्या. दोन-तीन मिनिटांचे हे बोलणे शब्दशः लक्षात राहील इतक्या सावकाश वाचावे, कारण ती चढण पुढे पुन्हा येते.

पहिल्या खेपेला कोणतीही मार्गदर्शिका उघडू नये. मनाला येईल ते पर्याय निवडावेत, मात्र प्रत्येक पर्यायापूर्वी वेगळ्या जागी सेव्ह करावे. एकाच जागेवर वरचेवर सेव्ह केल्यास मागे वळण्याची वाट बंद होते. कोणाशीच सूत जुळले नाही तर कथा अर्ध्यावरच आटोपते, आणि तोमोया आपला मित्र सुनोहाराच्या खोलीत दिवस ढकलत राहतो. हा शेवट एकदा पाहायला हरकत नाही. ही माणसे भेटली नसती तर काय झाले असते, ते त्यातून नेमके कळते. दुसऱ्या खेपेपासून मजकूर भराभर पुढे नेणारे ‘स्किप’ वापरावे, पण फक्त आधी वाचलेला मजकूरच वगळला जाईल अशी खात्री सेटिंगमध्ये करून घ्यावी. मजकूर आपोआप पुढे सरकवणारे ‘ऑटो’ वापरत असाल तर मजकुराचा वेग कमी ठेवावा, कारण माएदा यांच्या लेखनात विनोदाचा फटका बहुधा ओळीच्या शेवटच्या शब्दात असतो.

रूटच्या क्रमाबद्दल मतभेद पुष्कळ आहेत. माझे मत पुढीलप्रमाणे. आधी कोतोमी इचिनोसे घ्यावी. ती वर्गात न जाता ग्रंथालयात अनवाणी बसून वाचत असते आणि आपले नाव ‘हिरागानाच्या तीन अक्षरांत कोतोमी’ असे गंभीरपणे सांगते (हिरागाना ही जपानीची एक अक्षरलिपी). हा रूट या खेळाची पद्धत सर्वांत स्वच्छ दाखवतो: आधी पोट धरून हसवणे, आणि मग हसण्याच्या त्याच जागेखाली काय दडले होते ते उघडणे. त्यानंतर तोमोयो साकागामी (तोमोया आणि तोमोयो ही नावे सुरुवातीला गोंधळात टाकतात; थोड्याच वेळात सवय होते), मग क्यो आणि ऱ्यो या फुजिबायाशी जुळ्या बहिणी. फुकोचा रूट, ज्यात एक हट्टी मुलगी बहिणीच्या लग्नाचे आमंत्रण म्हणून लाकडाचे तारामासे कोरून वाटत फिरते आणि ते तारेच आहेत असे समजणाऱ्यांवर चिडते, हा नागिसाच्या अगदी आधी घ्यावा. युकिने, मिसाए आणि सुनोहारा भावंडांच्या छोट्या वाटा त्यामध्ये सोयीने घालाव्यात, पण टाळू नयेत.

टाळू नयेत, याला कारण आहे. अनेक कथांत, ती कथा सुखान्त झाली की, तोमोयाला एक प्रकाशगोल मिळतो. अधूनमधून येणाऱ्या, निर्जन जगातली एक मुलगी आणि मोडक्यातोडक्या वस्तूंतून घडवलेले एक बाहुले यांच्या कथेच्या तुकड्यांशी या गोलांचा संबंध आहे. ते पुरेसे जमल्याशिवाय ‘आफ्टर स्टोरी’ हा खेळाचा दुसरा आणि मोठा अंक आपल्या खऱ्या शेवटापर्यंत पोहोचत नाही. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा नागिसाचा रूट संपला, नामावली सरकली, गाणे वाजले, आणि खेळ संपला असे समजून मी तो काढून टाकला; जवळजवळ निम्मा मजकूर शिल्लक होता हे मला कित्येक महिन्यांनी कळले. नामावली दिसली म्हणून थांबू नये. मुख्य पडद्यावर परतावे, उरलेल्या पात्रांकडे वळावे, आणि गोल कोठे राहिला ते उमगेनासे झाले तर मात्र या टप्प्यावर मार्गदर्शिका निःसंकोच उघडावी.

भाषांतरात हमखास निसटणारी एक गोष्ट कानांनी टिपावी. नागिसा सर्वांशी आदरार्थी बोलते आणि तोमोयाला ‘ओकाझाकी-सान’ म्हणते. क्यो त्याला सरळ ‘तोमोया’ म्हणते, तर सुनोहारा आडनावाने पुकारतो. आडनावावरून नावावर येणे हे जपानीत लहान पाऊल नाही. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येताना जी क्षणभराची अडखळ होते, तिच्याहून ते थोडे अधिकच आहे. नागिसाच्या तोंडी ‘तोमोया-कुन’ पहिल्यांदा येते तेव्हा इंग्रजी मजकुराकडे न पाहता आवाज ऐकावा.

इतका वेळ नसेल, तर मालिका पाहावी, आणि ती कमी दर्जाची पर्यायी सोय आहे असे समजू नये. क्योतो अ‍ॅनिमेशनने तात्सुया इशिहारा यांच्या दिग्दर्शनाखाली ऑक्टोबर 2007 ते मार्च 2008 या काळात पहिले पर्व आणि ऑक्टोबर 2008 ते मार्च 2009 या काळात ‘आफ्टर स्टोरी’ सादर केले. खेळात ज्या वाटा एकमेकींना वगळतात त्या मालिकेने एकाच कालरेषेवर ओवल्या: पहिल्या नऊ भागांवर फुकोची छाया आहे, त्यानंतर चौदाव्या भागापर्यंत कोतोमी, आणि मग नागिसाच्या नाट्यमंडळाचा धागा घट्ट होत जातो. याची किंमत तोमोयो आणि फुजिबायाशी बहिणींना मोजावी लागली. त्यांच्या वाट्याला आलेली निराशा खेळातल्यापेक्षा बरीच आखडलेली आहे. पहिल्या पर्वाचा तेविसावा भाग ही पुरवणी आहे, मुख्य कथा बाविसाव्यातच थांबते.

‘आफ्टर स्टोरी’च्या पहिल्या आठ भागांत बेसबॉलचा सामना आणि सुनोहारा, मिसाए व युकिने यांच्या कथा येतात, आणि ‘मुख्य कथा कुठे गेली’ म्हणून अनेक जण इथेच कंटाळतात किंवा थेट नवव्या भागावर उडी मारतात. ती उडी मारू नये. खेळातले प्रकाशगोल जे काम करतात, तेच काम मालिकेत हे आठ भाग करतात; इथे पाहिलेली माणसे पुढे गावाचा चेहरा होतात. नवव्या भागापासून रोज दोनहून अधिक भाग पाहू नयेत, आणि बाविसावा भाग संपल्यावर त्याच रात्री तेविसावा लावू नये. तो एक वर्ष आधीचा प्रसंग सांगतो आणि चांगला असला तरी त्या वेळी नकोसा वाटतो. चोविसावा हा आधीच्या दृश्यांचा आढावा असल्याने सोडून दिला तरी चालतो. तोमोयो आणि क्यो यांच्यावरचे दोन विशेष भाग, जे अनुक्रमे 2008 आणि 2009 साली निघाले, ते ‘दुसऱ्या जगात’ घडतात, म्हणून ते दोन्ही पर्वांनंतर स्वतंत्रपणे पाहावेत. मध्येच पाहिल्यास तोमोया एकाच वेळी कोणाबरोबर आहे, असा घोळ होतो.

चित्रपट शेवटी. तो तोएई अ‍ॅनिमेशनचा, ओसामु देझाकी यांनी दिग्दर्शित केलेला, आणि 15 सप्टेंबर 2007 रोजी, म्हणजे मालिका सुरू होण्यापूर्वी तीन आठवडे, प्रदर्शित झालेला. दोन स्टुडिओंनी एकच कथा जवळजवळ एकाच वेळी हाताळली, आणि दोहोंची वृत्ती इतकी भिन्न आहे की तुलना करताना मजा येते. देझाकी यांनी सुमारे दीड तासात शाळा आणि नंतरचे आयुष्य दोन्ही बसवले, त्यासाठी नागिसा सोडून बाकीच्यांना जवळजवळ दाराबाहेर ठेवले, आणि तोमोयाच्या तोंडी भूतकाळाकडे वळून पाहणारे कथन दिले. आपल्या शैलीप्रमाणे ते निर्णायक क्षणी चित्र गोठवून रंगवलेल्या फ्रेमवर थांबतात. पहिल्यांदाच पाहणाऱ्याला हा चित्रपट सगळे रहस्य देऊन टाकतो आणि बदल्यात फार थोडे देतो; कथा माहीत असलेल्याला मात्र तो काय गाळतो यावरूनच बरेच काही शिकवतो.

यानंतरही भूक उरली, तर लघुकथांचा संच ‘हिकारी मिमामोरु साकामिची दे’ आहे, जो इंग्रजीत ‘क्लॅनाड साइड स्टोरीज’ या नावाने स्टीमवर मिळतो; तो मुख्य खेळातील पात्रांच्या नजरेतून सांगितला असल्याने खेळानंतरच वाचावा. ‘तोमोयो आफ्टर’ हा 2005 सालचा खेळ तोमोयोच्या रूटनंतर सुरू होतो, नागिसाच्या कथेशी त्याचा मेळ घालण्याचा प्रयत्न करू नये, आणि विकत घेताना आवृत्ती तपासावी: मूळ खेळ प्रौढांसाठी होता, स्टीमवर 2016 साली आलेली इंग्रजी आवृत्ती सर्व वयांसाठीची आहे.