ठाणे खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) बघायला निघण्याआधी

दुर्बीण, टोपी, पाणी हे सांगायला नको. सांगायचं आहे ते भरतीचं. तारीख ठरवण्याआधी, रजा टाकण्याआधी, कुणाला सोबत बोलावण्याआधी भरतीची वेळ बघा. मागच्या मे महिन्यात बाकी सगळं घेतलं आणि नेमकं हेच राहिलं. पोचलो तेव्हा पाणी पार ओसरलेलं, समोर नुसता चिखल, आणि रोहित इतके आत की दुर्बिणीतूनही फक्त एक गुलाबी रेघ.

अंदाजाचा हिशेब कोळीवाड्यात कुणीही सांगेल: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. आत ऐरोलीकडे पाणी थोडं उशिरा चढतं, तेवढं धरून चाला. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच बघायची, आणि सोबत उंचीही. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी थेट कांदळवनात शिरतं आणि पक्षी उडून आतल्या तळ्यांवर जातात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, बराच चिखल उघडाच राहतो. आपल्या कामाचे ते पाणी चढतानाचे दोनेक तास. चिखल आक्रसतो तसे पक्षी काठाकडे सरकतात, आणि मग छोट्या रोहितची काळपट लाल चोच आणि मोठ्याची गुलाबी, टोकाला काळी चोच शेजारी शेजारी बघायला मिळते.

जायचं सकाळीच. ऊन चढलं की चिखलावरून झळा उठतात, दुर्बिणीत पक्ष्यांचे पाय थरथरायला लागतात आणि समोरचा पक्षी पाणटिवळा की तुतारी ते कळत नाही. म्हणजे सकाळ आणि चढतं पाणी दोन्ही जुळायला हवं, म्हणून एकादशी-द्वादशीच्या आसपासचा दिवस धरा. रविवार आहे म्हणून रविवारी जाऊ नका. तक्ता बघा.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट मिळते. तिचं बुकिंग आधी करा. बोटीची वेळही भरतीप्रमाणे रोज बदलते, तेव्हा मिळालेली वेळ तक्त्याशी ताडून घ्या.

पक्ष्यांचं पुस्तक घ्या, पण विणीच्या पिसाऱ्याची चित्रं असलेलं. परतीच्या वाटेवरची बाकचोच तुतारी एप्रिल-मेमध्ये विटकरी झालेली असते. हिवाळ्यातला करडा फोटो लक्षात ठेवून गेलात तर समोर असून ओळखणार नाही.

कपडे मळकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. पायात बूट, चपला अजिबात नकोत. चिखलात उतरायचंच नाही, तिवरांची श्वसनमुळं तुडवली जातात. काठावरही बघून चाला: एप्रिल-मे ही टिटवी आणि शेकाट्याची विणीची वेळ आहे, अंडी उघड्यावर असतात आणि खड्यांत दिसतसुद्धा नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की तिथूनच मागे फिरा. फोटोसाठी थांबू नका. उन्हात अंडी उघडी पडली तर वाया जातात.

कोकम सरबत, मीठ-साखर, सुका खाऊ. कचरा परत आणायचा. ऊन तापायच्या आत निघा. घरी आल्यावर पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, आणि शेऱ्यात त्या दिवशीची भरतीची वेळ लिहा.