सीजीआय भारी जमलंय की गंडलंय, हे सीन बघून कसं ओळखायचं

आधी एक गोष्ट क्लियर करून टाकू. सीजीआय म्हणजे कम्प्युटरवर बनवलेली चित्रं. "सीजीआय म्हणजे भंगार, खरं शूट केलेलं तेच भारी" असं जे सारखं ऐकू येतं ना, ते अर्धवट आहे. जमलेलं सीजीआय दिसतच नाही, डोळ्यात येतं ते फक्त फसलेलं आणि मग त्याच्यावरून आपण सगळ्याचाच निकाल लावून मोकळे होतो. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) घ्या, खऱ्या गाड्या खरे स्टंट म्हणून त्याचं केवढं कौतुक झालं, आणि ते खरंही आहे, गाड्या वाळवंटात खरोखर पळवल्यात आणि आपटल्यात, पण त्याच सिनेमात २००० च्या आसपास व्हीएफएक्स शॉट आहेत, म्हणजे शूटिंगनंतर कम्प्युटरवर बदल केलेले. आकाशं बदललीत, सेफ्टीच्या केबल पुसल्यात, नायिका फ्युरिओसाचा हात कोपराखाली गायब केलाय. त्यामुळे "सीजीआय आहे का" हे विचारण्यात अर्थ नाही, या शॉटमध्ये ते चालतंय का आणि चालत नसेल तर नेमकी माती कुठे खाल्ली, हे बघायचं. त्यासाठी सॉफ्टवेअर यायला लागत नाही.

पहिल्यांदा सिनेमा बघताना काहीही शोधू नका, सरळ बघा. जिथे "ह्या, काहीतरी गडबड आहे" असं वाटलं तेवढा सीन लक्षात ठेवा आणि नंतर तोच परत लावा, पण आवाज बंद करून. हे महत्त्वाचंय. कारण राक्षसाचं पाऊल पडल्यावर जो धप्पकन आवाज येतो तोच निम्मं वजन उचलत असतो, आवाज काढला की पडद्यावर खरंच किती वजन आहे ते कळतं.

आता पाय बघा. प्राणी असो, रोबो असो, उडी मारून खाली उतरणारा सुपरहिरो असो, जमिनीला टेकतो तिथे काय होतंय? पायाखाली बारीक गडद सावली आहे का, माती दबतेय का, धूळ त्याच क्षणी उडतेय की उगाच थोडी उशिरा? माणसाने प्राण्याच्या अंगावर हात ठेवला तर केस दबतात का? दोन वेगळ्या जगातल्या गोष्टी एकमेकांना शिवतात तिथेच काम सगळ्यात अवघड असतं आणि तिथेच घाई उघडी पडते. म्हणूनच बरेच दिग्दर्शक पाय फ्रेमच्या बाहेरच ठेवतात किंवा धुकं, गवत, पाणी मध्ये आणतात, आणि ती चोरी नाही हं, ती अक्कल आहे.

वजनाचं गणित तर फार मजेशीर आहे. गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच, त्यामुळे उंची चौपट झाली की खाली पडायला वेळ दुप्पट लागतो. म्हणजे मोठी गोष्ट आपल्याला लांबून संथच दिसायला पाहिजे. जुने लोक छोटी मॉडेल्स शूट करायचे तेव्हा हाच हिशोब लावायचे, मॉडेल खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं असेल तर कॅमेरा पाचपट वेगाने चालवायचा, मग पडद्यावर ते मोठं वाटतं. कम्प्युटरमध्ये असं बंधन कुणी घालत नाही, शंभर फुटी प्राणी मांजरासारखा टुणकन वळवता येतो, आणि तो वळला की आपल्या डोक्याला लगेच कळतं की हा पोकळ आहे. का ते सांगता येत नाही पण कळतं.

मग उजेड. नटाच्या मागे सूर्य मावळतोय आणि त्याच्या तोंडावर मात्र चहूबाजूंनी सारखाच पांढरट उजेड, असं दिसलं की समजा स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर उभा केलाय आणि मागचं दृश्य नंतर चिकटवलंय. हे टाळायला सेटवर एक राखाडी आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा धरून शॉट घेतात, म्हणजे उजेड कुठून येतोय आणि सावली किती गडद आहे हे नंतर कम्प्युटरवाल्यांना नेमकं कळतं. 'ग्रॅव्हिटी' (२०१३) मध्ये तर नटांभोवती एलईडीच्या भिंतींची खोलीच उभी केली होती, पृथ्वीचा उजेड तोंडावर खरोखर फिरावा म्हणून. त्या सिनेमात बऱ्याच शॉटमध्ये चेहरा सोडून बाकी सगळंच कम्प्युटरमधलं आहे आणि तरी आपल्याला काही वाटत नाही, ते यामुळे.

कॅमेरा कुठे आहे हेही बघा. खरा कॅमेरा कुणीतरी धरलेला असतो, क्रेनवर असतो, त्याला अडथळे असतात, कधी फोकस सुटतो. तो जेव्हा किल्लीच्या भोकातून आत जाऊन स्फोटाच्या मधून गिरकी मारून हिरोच्या डोळ्यात घुसतो तेव्हा प्रत्येक गोष्ट कितीही छान रंगवलेली असली तरी व्हिडिओ गेम वाटायला लागतं. आणि कम्प्युटर किती वापरलाय हेही बघा, 'जुरासिक पार्क' (१९९३) आजही टिकून आहे याचं एक कारण म्हणजे तो मोजकाच वापरलाय. त्यात डायनासोर सगळे मिळून जेमतेम १५ मिनिटं दिसतात, त्यातले कम्प्युटरवाले सहाएक मिनिटं, बाकी खरे बनवलेले यांत्रिक. आणि टी-रेक्सचा मोठा सीन रात्रीचा, पावसातला, म्हणजे कडा झाकल्या जातात. (त्या पावसाने यांत्रिक टी-रेक्सची कातडी पाणी पिऊन जड व्हायची आणि तो थरथरायला लागायचा, म्हणजे खऱ्या वस्तूंची पण नाटकं कमी नसतात.)

आता चेहरा, आणि इथे जरा थांबू कारण कम्प्युटरची खरी दुखरी नस हीच आहे. डायनासोर कुणी पाहिलेला नाही, माणसाचा चेहरा मात्र आपण जन्मल्यापासून वाचतोय. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच रोबोंबद्दल लिहून ठेवलंय की एखादी गोष्ट माणसासारखी होत गेली की ती आवडत जाते, पण अगदी जवळ पोचली आणि थोडीशीच चुकली की एकदम किळस वाटते. त्यामुळे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला गॉलम चालतो, तो मुळात माणूस नाहीच. २००६ च्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधला डेव्ही जोन्स तर अजून भारी, आख्खा चेहरा डोळ्यांसकट कम्प्युटरवर केलेला, पण खाली बिल नायी या नटाचा खरा अभिनय आहे. याउलट 'जस्टिस लीग' (२०१७) मध्ये सुपरमॅनची फक्त मिशी पुसायची होती, दुसऱ्या सिनेमासाठी वाढवलेली म्हणून काढता येत नव्हती, आणि तेवढ्या वरच्या ओठाने सगळ्या जगात हसं झालं. म्हणून चेहरा तपासायचा तर डोळे नंतर बघा, आधी तोंड बघा, वरचा ओठ, बोलताना गाल कसे हलतात ते. आणि तरुण केलेला नट असेल तर त्याची चाल बघा. 'द आयरिशमन' (२०१९) मध्ये चेहऱ्यावरची वर्षं बऱ्यापैकी काढलीत पण दुकानाबाहेर तो तरुण केलेला नट एका माणसाला लाथा घालतो तेव्हा अंग सत्तरी पार केलेल्याचंच हलतं, तिथे कम्प्युटर काय करणार.

कम्प्युटर कुठे जिंकतो? जिथे तो काहीतरी दाखवायला नाही तर लपवायला, वाढवायला वापरतात तिथे, असं माझं स्पष्ट मत आहे. 'पॅरासाइट' (२०१९) मधल्या त्या श्रीमंत घराचा वरचा मजला बांधलेलाच नव्हता, तो नंतर कम्प्युटरवर चढवला. 'फॉरेस्ट गम्प' (१९९४) मध्ये लेफ्टनंट डॅनचे पाय निळं कापड गुंडाळून शूट केले आणि मग पुसले. तुम्हाला शोधायला मजा येईल असे शॉट म्हणजे साधं शहर, गर्दी, बर्फ, रक्त, खिडकीबाहेरचं दृश्य. दुसरं, जे खरंच शूट करता येत नाही ते. 'इंटरस्टेलर' (२०१४) मधलं कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून बनवलं होतं.

गंडलेला शॉट सापडला की लगेच आर्टिस्टला शिव्या घालू नका. बहुतेक वेळा लोच्या आधीच झालेला असतो, शूटिंगला काही ठरवलेलं नसतं, "नंतर बघू" म्हणून सोडून दिलेलं असतं, मग रिलीजच्या तोंडावर डिझाइन बदलतात. 'कॅट्स' (२०१९) तर थिएटरला लागल्यावर सुधारलेली कॉपी पाठवली होती. वर पैसे ठरलेले असतात आणि बदल संपत नाहीत, 'लाइफ ऑफ पाय'चा वाघ करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्या वाघाला ऑस्कर मिळालं! उलट 'एक्स माकिना' (२०१५) जवळपास दीड कोटी डॉलरचा छोटा सिनेमा, नटी सेटवर खऱ्या उजेडात, हिरवा पडदा नाही, अंगाचा कुठला भाग आरपार दिसणार ते आधीच ठरलेलं, आणि व्हीएफएक्सच्या ऑस्करला त्याने 'फ्युरी रोड'ला पण हरवलं. 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) चा दिग्दर्शकच व्हीएफएक्सचा प्रमुख होता, ३५ जणांच्या टीमने ६१० शॉट केले. निर्णय घेणारा शेजारच्या खुर्चीत असला की काम असं होतं.

शॉट कसा बनला ते शोधायचं तर स्टुडिओंचे ब्रेकडाउन व्हिडिओ बघा, एकेक थर काढून दाखवतात. मात्र "आमच्या सिनेमात सीजीआय नाही" असं मुलाखतीत कुणी म्हणालं तर त्यावर जाऊ नका, सिनेमा संपल्यावर नावं वाचा, व्हीएफएक्सवाल्यांची यादी सरकत सरकत संपत नसेल तर काय ते समजून जा.

आणि हे सगळं करण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते मोशन स्मूदिंग की काय असतं, हालचाल जास्तच गुळगुळीत करणारं, ते बंद करा, प्रत्येक कंपनीत नाव वेगळं असतं. ते चालू असेल तर खरा शूट केलेला सीन पण नकली दिसतो. अंधारातले सीन फोनवर कमी नेटमध्ये बघून पण मत बनवू नका, तिथे जे चौकोन चौकोन दिसतात त्यात सिनेमावाल्यांचा काही दोष नसतो.