वाळू दगडासारखी का घट्ट झाली?

दादरच्या घरातल्या १०० लिटरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, वाळूचे गठ्ठे होऊ लागले. बफर (कार्बोनेट वाढवणारी भर) कितीही घाला, अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानाने पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, संध्याकाळपर्यंत पुन्हा ७ डीकेएचच्या (ते मोजायचं एकक) खाली. प्रवाळ तर वाढत नव्हते, मग कार्बोनेट जात कुठे होतं? वाळूतच! हीटरवरही पांढरा थर होता.

मॅग्नेशियम तपासलं आणि उलगडा झाला: १०८० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). नैसर्गिक समुद्रात ते १२८०च्या आसपास असतं. मॅग्नेशियम कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांवर चिकटून त्यांची वाढ रोखतं. ते कमी पडलं की ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचीच) वाळूच्या कणांवर नवा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बसतो, कण एकमेकांना जोडले जातात. त्यात मुंबईचा मे महिना. कोमट पाण्यात चुना आणखी सहज बसतो.

आधी बफर थांबवला, हे सर्वांत महत्त्वाचं. मग २०० पीपीएम वाढवायला लागणारं २० ग्रॅम मॅग्नेशियम, म्हणजे सुमारे १६७ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट, आरओच्या (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्यात विरघळवलं. दिवसाला ५० पीपीएमहून जास्त नाही, तेही पंपाच्या झोतात. मग अल्कलिनिटी हळूहळू ८वर नेली आणि ती टिकली. टाकीचं पाणी बनवायचं समुद्री मीठही बदललं; ताज्या कालवलेल्या पाण्यातच मॅग्नेशियम कमी होतं, त्यामुळे नवं मीठ आणलं की त्याची चाचणी कराच.

जुने गठ्ठे मात्र एकदम उकरू नका. खाली ऑक्सिजन नसलेल्या थरात हायड्रोजन सल्फाइड साचलेला असू शकतो, आणि तो माशांना विषारी असतो. पाणी बदलताना कडेचा थोडाच भाग सायफनने काढायचा.