वसतिगृहात राहून संगणकावरचा अभ्यास कसा बसवावा

वसतिगृहात प्रवेश मिळाला की बहुतेक नवे विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात तो लॅपटॉप कोणता घ्यावा हा. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की आपला अभ्यास एकाच यंत्रावर आणि एकाच खोलीवर अवलंबून ठेवू नये. वसतिगृहात काही काळ मी स्वतःच्या संगणकाविना काढला आणि नंतर संगणक मिळाल्यावरही तिथेच राहिले. या दोन्ही काळांत संगणक जुना किंवा संथ असल्यामुळे काम क्वचितच अडले. अडले ते चालू यंत्र, शांत जागा आणि आपली फाइल या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हाताशी न आल्यामुळे.

म्हणून पहिल्याच आठवड्यात महाविद्यालयातील संगणक कक्ष, ग्रंथालय आणि वसतिगृहाची अभ्यासिका या तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन यावे. सूचना फलकावर वेळा लिहिलेल्या असतात, परंतु कोणत्या तासांना कक्ष प्रात्यक्षिकांसाठी राखीव असतो, सुट्टीच्या दिवशी तो उघडतो का, आणि आपल्या विषयाला लागणारे सॉफ्टवेअर नेमक्या कोणत्या यंत्रांवर आहे, हे प्रयोगशाळा सहायकच सांगू शकतात. काही ग्रंथालये पुस्तकांप्रमाणे लॅपटॉपही काही दिवसांसाठी देतात; ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते, म्हणून ती मुद्दाम विचारावी.

सामायिक संगणकाची रीत मात्र नीट समजून घ्यायला हवी. विद्यार्थ्याने कोणत्याही यंत्रापुढे बसावे आणि त्याला स्वतःच्याच फाइली समोर मिळाव्यात, ही कल्पना एमआयटी या अमेरिकी संस्थेने 1983 मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट अथीना’ने मोठ्या प्रमाणावर राबवली, आणि आजही अनेक संस्थांची व्यवस्था त्याच धर्तीवर चालते. तुमच्या खात्याला नेटवर्कवर जागा मिळत असेल तर काम तिथेच साठवावे. कित्येक कक्षांतील यंत्रे पुन्हा सुरू केली की मूळ स्थितीत परत जातील अशी बसवलेली असतात. अशा यंत्राच्या डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल वीज गेली तरी नाहीशी होते. माझा नियम असा होता की, महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी खोलीबाहेर, म्हणजे ऑनलाइन साठवणुकीत असावी. गूगलच्या मोफत खात्यातील 15 जीबी जागा ईमेल, फोटो आणि ड्राइव्ह यांच्यात मिळून वापरली जाते, त्यामुळे फोनवरचे फोटो वाढले की प्रकल्पाला जागा उरत नाही. अभ्यासासाठी वेगळे खाते ठेवणे बरे. पेन ड्राइव्ह एफएटी32 या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर 4 जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, हेही चित्रफिती हाताळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आणखी एक अडचण फारशी कोणी आधी सांगत नाही. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असते, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरूनही ओळख पटवावी लागते, आणि फोन खोलीत चार्जिंगला राहिलेला असतो. अशा वेळी कक्षात मोकळे यंत्र मिळूनही आपले खाते उघडत नाही. गूगल यासाठी एकदाच वापरता येणारे दहा राखीव संकेतांक देते. ते कागदावर उतरवून, त्यावर खात्याचे नाव न लिहिता, पाकिटात ठेवावेत. सामायिक यंत्रावर ब्राउझरची खासगी खिडकी वापरावी, पासवर्ड जतन करू देऊ नये आणि उठताना लॉग आउट करावे. खासगी खिडकीमुळे त्या यंत्रावरील इतिहास पुसला जातो, पण यंत्रातच कीबोर्डवर दाबलेल्या कळा टिपणारे सॉफ्टवेअर असेल तर तिचा उपयोग नसतो. बँकेचे व्यवहार तिथे करूच नयेत.

खोलीविषयी माझे मत स्पष्ट आहे: टिपणे वाचणे, ईमेलला उत्तरे देणे असली हलकी कामे खोलीत होतात, परंतु सलग लेखन किंवा प्रोग्रामिंग यांसाठी बाहेर पडावे. पंख्याचा एकसारखा आवाज मनाला सवयीचा होतो, पण शेजारचे बोलणे अर्थासकट कानावर पडते आणि वाक्य जुळवताना तेच सर्वाधिक आड येते. खोलीतील सोबत्यांशी दिवा कधी मालवायचा आणि शांतता कधी पाळायची हे सत्राच्या आरंभीच, सगळ्यांची मने निवांत असताना ठरवावे. परीक्षा तोंडावर आल्यावर केलेली हीच विनंती तक्रारीसारखी ऐकू येते. अभ्यासिकेत प्लगजवळच्या जागा लवकर भरतात, म्हणून बॅटरी पूर्ण भरूनच निघावे.

वाय-फाय संध्याकाळी मंदावते, कारण सगळे एकाच वेळी खोलीवर परततात. वाय-फायच्या लहरींचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो, तर 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो पण त्यावर गर्दी अधिक असते. खोलीत लॅनचे, म्हणजे तारेने नेटवर्क जोडण्याचे, सॉकेट असेल तर केबल जोडणे सर्वांत भरवशाचे. परवानगीशिवाय स्वतःचा राउटर मात्र जोडू नये. तो चुकीच्या पद्धतीने जोडला गेला तर इतरांच्या यंत्रांना भलतेच आयपी पत्ते (नेटवर्कवरील ओळख क्रमांक) वाटू लागतो आणि मजल्यावरच्या अनेकांचे इंटरनेट बंद पडते. तुमची संस्था एज्युरोम या शैक्षणिक संस्थांच्या सामायिक वाय-फाय जाळ्यात असेल, तर वापरकर्त्याच्या नावानंतर @ आणि संस्थेचा डोमेन (इंटरनेटवरचे नाव) जोडून पूर्ण ओळख भरावी, म्हणजे त्याच खात्याने त्या जाळ्यातील दुसऱ्या संस्थेतही जोडणी मिळते.

काम सादर करण्याच्या आदल्या रात्री प्रिंटरपुढे रांग असते, हे गृहीत धरून फाइल एक दिवस आधी पीडीएफ करून ठेवावी. देवनागरी मजकुराच्या बाबतीत हे विशेष आवश्यक आहे, कारण दुसऱ्या यंत्रावर तोच फॉन्ट नसेल तर पानांची मांडणी बदलते.

शेवटचे सत्र संपत आले की संस्थेचे खाते कधी बंद होणार याची तारीख कार्यालयात विचारून घ्यावी आणि त्याआधीच प्रकल्प, प्रबंध आणि महत्त्वाचा पत्रव्यवहार स्वतःच्या खात्यात उतरवून घ्यावा. इतर संकेतस्थळांवर तो ईमेल पत्ता दिलेला असेल, तर तोही त्याच आठवड्यात बदलावा.