बक्षिसाच्या फॉर्मवर नाव टाकण्याआधी

ऑनलाइन सोडती, लकी ड्रॉ, गिव्हअवे यांत भाग घ्यायचा तर सगळ्यात आधी नोंदवही काढा. कागदाची असो की फोनमधली, फॉर्म भरायच्या आधी ती उघडलेली हवी. कुठे नाव दिलं ते तिच्यात लिहायचं. बाकी सगळी खबरदारी घेतली तरी नेमकी हीच राहते, म्हणून हे पहिलं.

पासवर्ड वेगळा हवा, हे सांगायला नकोच. ईमेलही वेगळा ठेवा. बँकेची आणि कामाची पत्रं जिथे येतात तो पत्ता स्पर्धांना द्यायचा नाही. जीमेलमध्ये नावाला अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी पत्र तुमच्याच पेटीत येतं आणि पत्ता कुणाकडून फुटला ते कळतं. पण कित्येक फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत, शिवाय त्यातून मूळ पत्ता सहज ओळखता येतो. वेगळं खातंच बरं.

मग आयोजक. जाहिरातीतल्या लिंकवरून जाऊ नका, कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा आणि तिथे त्या स्पर्धेचा उल्लेख आहे का ते पाहा. साइटचा पत्ता वाचायचा तो पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपासून मागे, उजवीकडून डावीकडे; साइटचं खरं नाव त्या रेघेला लागून असतं. डाव्या टोकाला कुणीही कुठल्याही बड्या ब्रँडचं नाव घुसडू शकतो. आणि काही ब्राउझरांत पत्त्याशेजारी दिसणारं ते कुलपाचं चिन्ह! त्याचा अर्थ एवढाच, की वाटेत कुणी तुमची माहिती वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस चोर नाही, असं ते कुलूप कुठेच म्हणत नाही.

नियमांचं पान नसेल तर तिथेच थांबा. असेल तर चार गोष्टी शोधा: पात्र कोण, शेवटची तारीख, विजेता कसा निवडणार, त्याला कसं कळवणार. पानाचा स्क्रीनशॉट काढा, कारण मुदत संपल्यावर ते गायबही होतं. आणि हे सगळं वहीत. स्पर्धेचं नाव, आयोजक, साइटचा पूर्ण पत्ता किंवा समाजमाध्यमावरच्या खात्याचं नेमकं नाव, भरल्याची तारीख, निकालाची तारीख, कुठला ईमेल दिला, कळवणार कसं.

कंटाळा येतो, माहीत आहे. तरी लिहा. ‘अभिनंदन, तुम्ही जिंकलात’ हा निरोप येतो तोपर्यंत कुठे कुठे नाव दिलंय ते आपण विसरलेलो असतो. मग मन म्हणतं, भरला असेल बुवा कधीतरी. ठगाला एवढंच पुरतं. पुढे हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. वहीत नोंद नसेल तर निरोप खोटा, विषय संपला. नोंद असली तरी ताडून पाहा: दिलेल्याच ईमेलवर आलाय का? निकालाची तारीख उलटली का? नियमांत ईमेलने कळवू म्हटलं होतं आणि आता फोन कसा आला? स्मरणशक्तीवर विसंबू नका.

फॉर्ममध्ये तारांकित रकान्यांपलीकडे काही भरू नका. जन्मतारीख विचारली तर नियमांत वयाची अट आहे का ते बघा. पहिली शाळा, आईचं माहेरचं आडनाव असले प्रश्न गमतीचे वाटतात, पण खात्यांचे सुरक्षा-प्रश्न तेच असतात. आधीच टिक केलेले चौकोन शोधून रिकामे करा. प्लॅनेट ४९ या जर्मन कंपनीच्या ऑनलाइन सोडतीतल्या अशाच चौकोनाचं प्रकरण थेट युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे वैध संमती नव्हे, असा निकाल १ ऑक्टोबर २०१९ रोजी लागला. तुमच्याकडे तो कायदा लागू असो-नसो, टिक काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

समाजमाध्यमांवरच्या गिव्हअवेत आयोजकाच्या नावात एखादं अक्षर किंवा खालची रेघ वाढवून नकली खाती निघतात आणि कमेंट करणाऱ्यांनाच ‘तुम्ही विजेते’ म्हणून निरोप धाडतात. खात्याचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. कशाशी? वहीतल्या नोंदीशी. लिहिलंय ना?

जिंकलात तर पैसे भरायचे नाहीत. प्रक्रिया शुल्क, पाठवणखर्च, ‘आधी कर भरा’, गिफ्ट कार्डचे नंबर, काहीही नाही. ओटीपी नाही, कार्डाचा नंबर नाही, स्क्रीन दाखवणारं ॲप नाही. चेक पाठवून ‘वरचे पैसे परत करा’ म्हणाले तर त्या चेकची रक्कम खात्यात दिसूनही कित्येक दिवसांनी तो खोटा ठरू शकतो आणि भुर्दंड तुम्हाला. खात्री करायची ती आयोजकाच्या साइटवरून, निरोपातल्या नंबरवरून नव्हे.

सोडत संपली की तिच्यासाठी तुमच्या खात्याला जोडलेल्या ॲपची परवानगी काढा. ओळखीच्या आयोजकाची पत्रं नको असतील तर ‘अनसबस्क्राइब’. अनोळखी पत्रातल्या त्या बटणाला हातही लावू नका, सरळ स्पॅममध्ये.