इन्फ्रारेडवर मिश्रण तपासताय? या चुका टाळा

कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर प्रत्येक घटकाची टक्केवारी दशांशासकट दिसायला लागली की मूळ स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या लहरीवर किती इन्फ्रारेड शोषलं गेलं त्याचा आलेख, कोणी उघडूनच बघत नाही. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

आमच्याकडे पॉलियुरेथेनच्या एका बॅचमध्ये रिअॅक्शनमध्ये संपत जाणाऱ्या आयसोसायनेटचा (एनसीओ गटाचा) पीक, म्हणजे आलेखात २२७० वेव्हनंबरच्या (एका सेंटिमीटरमधल्या लहरींची संख्या) आसपासचा उंचवटा, बराच वेळ हललाच नाही. रिअॅक्शन अडकली असं धरून कॅटॅलिस्ट वाढवायची तयारीही झाली होती. लॅबने टायट्रेशन (नमुन्याची रासायनिक मोजणी) केलं तर एनसीओ व्यवस्थित उतरलेला! प्रोबच्या (मिश्रणात बुडवलेल्या मोजणीच्या दांडीच्या) क्रिस्टलवर चिकट थर बसला होता, आणि एटीआर, म्हणजे क्रिस्टलच्या पृष्ठभागावरून मोजणाऱ्या, प्रोबला दिसतो तो क्रिस्टलला लागून असलेला जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा भाग. बाकी रिअॅक्टरभर काय चाललंय ते त्याला कळणार कसं? तेव्हा रीडिंग एकाएकी सपाट झालं की पहिला संशय प्रोबवर घ्या. प्रोब सॉल्व्हंटने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग रिकाम्या प्रोबचा स्पेक्ट्रम काढा. २९०० च्या आसपास सी-एचचे पट्टे अजून दिसत असतील तर पुन्हा धुवा.

दुसरी खोड म्हणजे शिळा बॅकग्राउंड, म्हणजे नमुन्याशिवाय आधी घेऊन ठेवलेला तुलनेचा स्पेक्ट्रम. २३५० जवळ कार्बन डायऑक्साइडचा उंचवटा किंवा खड्डा, आणि १४०० ते १९०० मध्ये कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा दिसल्या, तर तो दोष नमुन्याचा नाही, हवेचा आहे. पर्ज एअरचा (उपकरणात सोडलेल्या कोरड्या हवेचा) ड्रायर बघा, मग बॅकग्राउंड नव्याने घ्या.

नमुन्याच्या सेलच्या खिडकीचं (ज्यातून इन्फ्रारेड आरपार जातं त्या तुकड्याचं) मटेरियल न बघता नमुना सोडणंही महागात पडतं. पोटॅशियम ब्रोमाइड पाण्याने धुरकटतं, विरघळतं. झिंक सेलेनाइडला तीव्र आम्ल लागलं तर हायड्रोजन सेलेनाइड हा विषारी वायू सुटतो, त्यामुळे तिथे हयगय नकोच.

कॅलिब्रेशन २५ अंशांवर आणि लाइन ६० अंशांवर, ही चूक तर नेहमीचीच. कॅलिब्रेशनच्या मॉडेलमध्ये नसलेली अशुद्धी आली तरी पीएलएस (स्पेक्ट्रमवरून टक्केवारी काढणारी गणिती पद्धत) निमूट आकडा देत राहतं. रेसिड्युअल (स्पेक्ट्रमचा मॉडेलशी न जुळणारा उरलेला भाग) वाढलाय का, ते बघणं आपल्यावर असतं. अॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला त्याचं माप) दीडच्या वर गेला असेल तर सेलचा पाथ (नमुन्यातून प्रकाश जातो ते अंतर) कमी करा, गणित बदलत बसू नका.

आणि नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन मोजायचे असतील तर इन्फ्रारेडचा नादच सोडा. सारख्याच दोन अणूंचे हे रेणू नेहमीच्या इन्फ्रारेड मोजणीत दिसतच नाहीत. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) लावा.