सीआरपीएफची वर्दी घालण्याआधी

एसएससी जीडीची, म्हणजे केंद्रीय दलांतल्या शिपाई भरतीच्या परीक्षेची, तयारी करणारी बरीच मुलं सीआरपीएफला (केंद्रीय राखीव पोलीस दलाला) लष्कराचाच भाग समजतात. मी तिथे नोकरी केली आहे, म्हणून आधी हेच सांगतो: हे दल संरक्षण मंत्रालयाचं नाही, गृहमंत्रालयाचं. 1939 साली आजच्या मध्य प्रदेशातल्या नीमचला ते उभं राहिलं आणि 1949 च्या कायद्याने त्याला आजचं नाव मिळालं. बटालियन, कंपनी, प्लाटून ही रचना आणि शिस्त लष्करी वळणाची, पण समोर उभा असतो तो बहुतेक वेळा आपलाच नागरिक.

कायदा-सुव्यवस्था हा राज्याचा विषय. त्यामुळे कंपनी दुसऱ्या राज्यात उतरली की बंदोबस्त तिथल्या पोलिसांच्या सांगण्याने लागतो. सीआरपीएफ गुन्हा नोंदवत नाही, तपासही करत नाही. कुणाला पकडलं तर त्याला स्थानिक ठाण्याच्या ताब्यात द्यायचं. तेव्हा किती वाजता, कुठे, जवळ काय सापडलं, हे नीट लिहून ठेवा. पुढे साक्षीचं बोलावणं येतं तेव्हा हीच नोंद कामी येते.

सगळ्यात अवघड काम जमावासमोरचं. उन्हाळ्यातल्या एका बंदोबस्तात बॉडी प्रोटेक्टरच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या, हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली होती. एक बाई माझ्या ढालीवर हात आपटत तिच्या भाषेत काहीतरी ओरडत होती. आमच्या सेक्शन कमांडरनी काच वर केली, तिला पाणी दिलं आणि ठाण्याच्या शिपायाला बोलावून तिचं म्हणणं विचारायला लावलं. तिचा मुलगा आमच्या रांगेपलीकडे अडकला होता. त्याला आणून दिल्यावर त्या कोपऱ्यातली रेटारेटी थांबली. लाठी कशी धरायची हे प्रशिक्षणात शिकवतात; ती कधी खाली ठेवायची हे अशा माणसांकडून शिकावं. हुकूम सगळे हिंदीत असतात, पण जिथे जाल तिथली पन्नासेक वाक्यं शिकून घ्याच.

परीक्षेचं थोडक्यात: 80 प्रश्न, 160 गुण, 60 मिनिटं. 2024 पासून पेपर मराठीतही देता येतो. मुलांना 5 किलोमीटर 24 मिनिटांत, मुलींना 1.6 किलोमीटर साडेआठ मिनिटांत धावायचं असतं. महाराष्ट्र पोलीस भरतीत मैदानाचे गुण धरतात, इथे धावणं फक्त पात्रतेपुरतं. म्हणून दोन्हींची तयारी एकत्र करणाऱ्यांनी लेखी परीक्षेला जास्त वेळ द्यावा.

घरच्यांशीही आधीच बोला. वर्षाला 60 दिवस अर्जित रजा आणि 15 दिवस किरकोळ रजा असते, पण निवडणुका लागल्या की रजा पुढे ढकलली जाते. तळोज्याला आरएएफची, म्हणजे सीआरपीएफच्याच दंगल आवरणाऱ्या शाखेची, बटालियन आहे, तिथे नेमणूक मिळेल या आशेवर फॉर्म भरू नका. सीमेवरच राहायचं असेल तर पसंतीक्रमात बीएसएफ वर ठेवा, विमानतळ आणि कारखान्यांची सुरक्षा आवडत असेल तर सीआयएसएफ. लोकांच्या गर्दीत, रोज नव्या गावात उभं राहायची तयारी असेल, तरच सीआरपीएफला पहिला क्रमांक द्या.